गंज पेठेतलं बसकं घर

मार्गासनीला रस्ता फुटतो. नसरापूरहून आलेली एसटी सरळ गेली की वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी पोहोचते. डावीकडे वळलं की साखर आणि गुंजवणे लागतात आणि डोळ्यांसमोर राजगड उभा राहतो. हे गुंजण मावळ. तालुक्याचं नाव परवापरवापर्यंत वेल्हे होतं, आता राजगड झालं. शनिवार-रविवारी या फाट्यावर पाठपिशव्या लावलेल्या तरुणांची गर्दी असते आणि बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट असते: महाराज जिथे राहिले ते ठिकाण बघायचं.

सुमारे पंचवीस वर्षं राजगड ही स्वराज्याची राजधानी होती, म्हणजेच ते एका कुटुंबाचं घरही होतं. 5 सप्टेंबर 1659 रोजी सईबाई इथेच गेल्या. त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. 24 फेब्रुवारी 1670 ला राजाराम महाराजांचा जन्म इथेच झाला. माचीवर राजवाड्याचे अवशेष आहेत, सदर आहे, पद्मावतीचं देऊळ आहे. पायथ्याच्या पाल खुर्दला शिवपट्टणाच्या वाड्याचे अवशेष आहेत. पण हे सगळं जोत्यांच्या रूपात. भिंतींच्या ओळी दिसतात, त्यावरून खोल्यांचा अंदाज येतो. चूल कुठे होती, पाणी कुठून भरलं जायचं, उंबऱ्याच्या आत कोणाला येऊ दिलं जायचं आणि कोणाला नाही, हे जोतं सांगू शकत नाही.

छप्पर शाबूत असलेली ऐतिहासिक घरं भोरकडे आहेत. नीरेच्या काठचा पंतसचिवांचा राजवाडा 1869 चा. मराठी वाड्याची मांडणी आणि युरोपीय धाटणी यांचा त्यात मेळ आहे, आणि चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणामुळे तो महाराष्ट्रातल्या घराघरात ओळखीचा झाला आहे. भोरपासून जवळच कारी हे कान्होजी जेध्यांचं गाव. अफजलखान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून पाच मुलांसह शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले ते कान्होजी. या देशमुखांच्या घराने इतिहासाला दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र तलवारीची नाही, कागदाची आहे. जेधे देशमुखांच्या दप्तरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. तोवर महाराजांचा जन्म शके 1549 मधला, म्हणजे 1627 चा मानला जात होता. शकावलीतली नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी होती, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. आज महाराष्ट्र शासन जी तारीख पाळतं ती मावळातल्या एका घराने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कागदावर उभी आहे.

घर जपलं तर काय हाती लागतं, याचं हे उत्तम उदाहरण. पण जेध्यांची आणि मावळाची ही गोष्ट कारीत संपत नाही. ती घाट चढून पुण्यात उतरते, आणि तिथल्या एका फार लहान, फार साध्या घरापर्यंत जाते. महाराष्ट्रात थोरांची जी घरं संग्रहालयाच्या रूपाने जपली आहेत, त्यांत या घराइतकं बोलकं घर क्वचितच सापडेल. ते म्हणजे गंज पेठेतला महात्मा फुले वाडा.

भोरचा राजवाडा उभा राहिला त्याच 1869 साली गंज पेठेतल्या या घरमालकाने शिवाजी महाराजांवरचा पोवाडा छापून प्रसिद्ध केला. मावळातल्या मुलखाला आणि तिथल्या कष्टकऱ्यांना त्याने महाराजांच्या कथेच्या मध्यभागी आणून बसवलं. घरमालकाचं नाव जोतीराव गोविंदराव फुले. जन्म 11 एप्रिल 1827. मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. फुलांच्या धंद्यावरून घराण्याला फुले म्हणू लागले.

जोतीरावांचा व्यवसाय काय, असं विचारलं तर बहुतेक जण समाजसुधारक असं उत्तर देतात. समाजसुधारणा हा त्यांचा व्यवसाय नव्हता. ते शेती करत, बांधकामाला लागणारा माल पुरवत आणि ठेकेदारी करत. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांची भागीदारी होती. या कंपनीच्या कामांमध्ये येरवड्याच्या पुलाबरोबर कात्रजच्या जुन्या बोगद्याचंही नाव घेतलं जातं. भोर-वेल्ह्याच्या कैक पिढ्या या बोगद्यातून पुण्याला गेल्या. बाजाराला गेल्या, दवाखान्यात गेल्या, कोर्टकचेरीला गेल्या, मुलं शिकायला गेली. घाट उतरला की धनकवडी येते. 1877 च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सहकाऱ्यांच्या मदतीने इथेच उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला होता. आणि एसटी थांबते ते स्वारगेट, तिथल्या चौकाला नाव आहे केशवराव जेधे यांचं. या नावाकडे पुढे यायचंच आहे.

स्वारगेटहून गंज पेठ फार लांब नाही. या पेठेला आता महात्मा फुले पेठ असं नाव आहे. दाट वस्ती, दुकानं, अरुंद गल्ल्या, हातगाड्या. त्यातच एक कमान आणि आत मोकळं अंगण. शनिवारवाड्याची तटबंदी किंवा विश्रामबागवाड्याचा सज्जा बघून आलेल्याला पहिल्यांदा जाणवतो तो घराचा बुटकेपणा. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, बाहेर पडवी, आत लहानलहान खोल्या. दारातून आत जाताना उंच माणसाला मान लववावी लागते. भिंतींवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग चितारलेले आहेत. अंगणात विहीर आहे आणि मागच्या बाजूला तुळशीवृंदावनासारखी समाधी. काही मिनिटांत सगळं बघून होतं, असं वाटतं.

तसं वाटलं तर घर बघायचं राहून गेलं असं समजावं.

जुन्या घराच्या संग्रहालयात लोक वस्तू शोधतात. पुण्यातच केसरीवाड्यात गेलं तर टिळकांच्या वापरातल्या वस्तू आहेत, त्यांचा पत्रव्यवहार आहे, मादाम कामांनी 1907 साली श्टुटगार्टला फडकवलेला ध्वज आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे यांनी दालनंच्या दालनं भरली आहेत. फुले वाड्यात असं वैभव नाही. इथे बघण्याची वस्तू म्हणजे खुद्द घर. त्याचा हौद, त्याच्या खोल्या, त्याची मागची जागा. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू घराचे जे सर्वांत कडक नियम होते, म्हणजे पाणी कोणी घ्यायचं, बाळंतपण कोणाचं करायचं, वारस कोणाला म्हणायचं, अग्नी कोणी द्यायचा, ते सगळे या चार भिंतींत एकेक करून मोडले गेले. समाजात ते मोडण्याची भाषणं अनेकांनी केली. स्वतःच्या घरात मोडणारे फार थोडे निघाले.

खोल्यांपासून सुरुवात करू. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या वर्षी पुण्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला होता. फसवणुकीतून दिवस गेले, मूल झालं, लोकलाजेने तिने ते मारलं. तिला अंदमानची शिक्षा झाली. फसवणारा मोकळा राहिला. फुले दांपत्याचा उपाय सरळ होता. अशा बाईने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नको तर इथेच ठेवून जावं. शहरात तशा जाहिराती लावल्या गेल्या. हे काम त्यांनी स्वतःच्या घरात चालवलं. भाड्याच्या जागेची किंवा सरकारी इमारतीची वाट बघितली नाही. 4 डिसेंबर 1884 च्या आपल्या टिपणात जोतीरावांनी या गृहात आलेल्या गरोदर विधवांचा आकडा दिला आहे: 35.

या लहानशा घरात पस्तीस बाळंतपणं. शेजार दाट, भिंती जवळजवळ. रात्री कोण आलं, कोणाचं मूल रडतंय, हे पेठेत लपून राहणं कठीण. सावित्रीबाई त्या बायांची शुश्रूषा करत. या गृहात आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. पुढे तो डॉक्टर झाला. स्वतःला मूल नाही म्हणून दुसरी बायको करा, असं सांगणारे जोतीरावांनाही भेटले होते. त्यांनी केलं ते हे.

मग पाणी. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. आज हे वाक्य पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं आणि मुलं ते पाठ करतात. त्या ओळीचं वजन अंगणात उभं राहिल्यावर कळतं, कारण हे पाणी घरच्या वापराचं होतं. त्यावर स्वयंपाक व्हायचा, पाहुण्यांना तेच दिलं जायचं. ते पाणी विटाळलं असं ठरलं की सगळं घरच विटाळलं. नातेवाईक येणं बंद, पंक्तीला बोलावणं बंद, सोयरिकी बंद. शाळा काढल्या म्हणून 1849 मध्ये वडिलांनी घराबाहेर काढल्याचा अनुभव जोतीरावांच्या गाठीशी होताच. तरी हौद उघडला गेला.

या एका कृतीची लांब साखळी महाराष्ट्राच्या इतिहासात दिसते. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळ भरायला गेले. 1946 मध्ये शूद्र कोण होते, या प्रश्नाचा मागोवा घेणारा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला. 1970 च्या दशकात हमाल पंचायतीचे बाबा आढाव ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन गावोगाव फिरले, तेव्हाही कितीतरी गावांत पाणवठे वेगळे होते. याच बाबांनी नव्वदी ओलांडल्यावर, नोव्हेंबर 2024 मध्ये, उपोषणासाठी जागा निवडली ती फुले वाड्याचीच. महाराष्ट्रात ज्याला आपलं म्हणणं निर्धाराने मांडायचं असतं त्याची पावलं अजून या अंगणाकडे वळतात. काचेच्या कपाटांवर चालणाऱ्या संग्रहालयाला हे भाग्य लाभत नाही.

जोतीराव 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. मंडईची मोठी इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाला द्या, असंही त्यांनी बजावलं होतं. ती मंडई रे मार्केट म्हणून बांधली गेली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं.

शेवटची वर्षं याच घरात गेली. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली आणि दोनच महिन्यांत पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करत होते. लिहिणारा हात गेला म्हणून ते थांबले नाहीत. ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरं केलं. ते छापून निघालं 1891 मध्ये, त्यांच्या पश्चात.

घराच्या मागच्या समाधीची हकीकत मुळातून समजून घ्यायला हवी. 1887 च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी लिहून ठेवलं होतं की आपला देह दहन न करता मिठात पुरावा. जागाही ठरवून ठेवली होती, स्वतःच्या घराच्या मागे. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेत त्यांनी सहा वर्षं काढली, तिनेच. शेवटी दहन करावं लागलं. अंत्ययात्रेत टिटवं धरायचा प्रश्न आला तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं त्यांनी हातात घेतलं आणि अग्नीही त्यांनीच दिला. दोन दिवसांनी अस्थी घरी आणून जोतीरावांनी नेमून ठेवलेल्या जागी ठेवण्यात आल्या. तुळशीवृंदावनासारखी दिसणारी समाधी ती हीच. पेशवाई संपून पुरती पाऊणशे वर्षंही झाली नव्हती, आणि पुण्यात नवऱ्याच्या चितेला एक बाई अग्नी देत होती.

पुढे 1897 चा प्लेग आला. डॉक्टर यशवंत रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. 10 मार्चला त्या गेल्या. यशवंत 1905 मध्ये गेले, तेही साथीच्या रुग्णांची सेवा करतानाच. घरात उरली त्यांची विधवा पत्नी. कमावतं कोणी नाही, आधार नाही. ज्या घराने परक्या विधवांना आसरा दिला त्याच घरातल्या विधवेवर घर विकायची पाळी आली.

हा भाग वाचताना अमेरिकेतल्या एका घराची आठवण होते, आणि ती आठवण उगीच नाही. 1873 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. त्या चळवळीचा सर्वांत धारदार आवाज म्हणजे फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेला. वॉशिंग्टनच्या एका टेकडीवरचं सीडर हिल नावाचं घर त्याने 1877 मध्ये विकत घेतलं आणि 1895 मध्ये तिथेच तो वारला. मृत्युपत्रात त्रुटी निघाल्याने घर पत्नी हेलन पिट्स हिच्याकडे सरळ येईना. तिने कर्ज काढलं, वारसांचे हिस्से विकत घेतले, व्याख्यानं देऊन हप्ते फेडत राहिली, आणि 1900 मध्ये अमेरिकी काँग्रेसकडून एका स्मारक संस्थेला सनद मिळवली. 1903 मध्ये ती गेल्यावर 1916 पासून काळ्या स्त्रियांच्या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने भार उचलला. 1962 मध्ये घर केंद्र सरकारकडे गेलं. याच्या कितीतरी आधी, 1858 मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर एका महिला मंडळाने वर्गणी गोळा करून दोन लाख डॉलरना घेतलं होतं. जपलेल्या घरांच्या जगभरातल्या इतिहासात बायकांच्या चिकाटीचा वाटा फार मोठा आहे. गंज पेठेतल्या विधवेजवळ मात्र ना व्याख्यानाचं व्यासपीठ होतं, ना कर्ज देणारं कोणी. तिला दोष देण्याचं कारणच नाही. दोष द्यायचाच तर त्या काळच्या पुण्याला द्यावा. जोतीरावांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजालाही हे घर वाचवता आलं नाही.

घर परक्या हातात गेलं तरी पाडलं गेलं नाही, हे नशीब. नंतरच्या काळात माळी समाजातल्या मंडळींनी ते ताब्यात घेतलं आणि तिथे विद्यार्थ्यांचं बोर्डिंग चाललं. घर उभं राहिलं ते अशा राबत्यामुळे. गावाकडून शिकायला आलेली पोरं तिथे राहत होती, जेवत होती, अभ्यास करत होती. जोतीरावांना याहून वेगळं काही आवडलं असतं असं वाटत नाही.

आता स्वारगेटच्या चौकातल्या नावाकडे. केशवराव मारुतराव जेधे, जन्म 1896. कान्होजींच्या घराण्याशी नातं सांगणारं हे कुटुंब पुण्यात तांब्यापितळेच्या भांड्यांच्या धंद्यात स्थिरावलं होतं आणि शुक्रवार पेठेतलं त्यांचं जेधे मॅन्शन हा ब्राह्मणेतर चळवळीचा अड्डा होता. तिथून छत्रपती मेळा निघायचा, तिथे सत्यशोधकांच्या बैठका झडायच्या. 1925 मध्ये केशवराव पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि शहरात महात्मा फुल्यांचा पुतळा उभारावा, असा ठराव त्यांनी आणला. शहर पेटलं. ठरावाला कडाडून विरोध झाला. त्याच धुमश्चक्रीत दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघालं आणि त्यावरून जवळकर, जेधे यांच्यावर खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. 1926 मधल्या अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले तरुण बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि शिक्षा रद्द झाली. पुतळ्याचा ठराव तेव्हा बारगळला. एका घराण्याने शिवाजी महाराजांची जन्मतारीख दप्तरात जपली आणि त्याच घराण्याच्या नावाचा माणूस पुढे फुल्यांच्या स्मरणासाठी भर सभेत शिव्या खात उभा राहिला. मावळाच्या इतिहासात हे दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी मांडायला हवेत. तसे ते फारसे मांडले जात नाहीत.

केसरीवाडा आणि फुले वाडा हे दोन विरुद्ध गोटांचे बालेकिल्ले आहेत असं समजूनच पुण्यात अनेक जण वाढतात. मतभेद खोल होते, यात शंका नाही. पण 1882 मध्ये कोल्हापूरच्या बर्वे बदनामी खटल्यात टिळक आणि आगरकर अडचणीत आले तेव्हा जोतीरावांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन भरला होता. डोंगरीच्या तुरुंगातून सुटल्यावर दोघांचा सत्कार करण्यातही सत्यशोधक मंडळी पुढे होती. दोन्ही घरांतल्या मार्गदर्शकांनी ही हकीकत पाहुण्यांना आवर्जून सांगावी.

1972 मध्ये फुले वाडा राज्य संरक्षित स्मारक झाला. समताभूमी हे नाव रुळलं. 11 एप्रिल आणि 28 नोव्हेंबरला इथे उभं राहायला जागा मिळत नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून लोक येतात, समाधीवर फुलं वाहतात, दारातच मांडलेल्या पुस्तकांच्या दुकानांतून ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ विकत घेऊन जातात. एरवी दुपारी गेलं तर शांतता असते, शाळेची एखादी सहल असते, आणि पेठेतली म्हातारी माणसं सावलीला बसलेली असतात.

सगळ्याच घरांच्या वाट्याला हे आलेलं नाही. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात 1848 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ती वास्तू अनेक वर्षं कोर्टाच्या वादात अडकून पडली आणि पडझड होत राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर 2023 मध्ये महापालिकेने तिचा ताबा घेतला, तोवर ती जपण्याजोगी उरली नव्हती. ती पाडली गेली. आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. ते जरूर व्हावं. पण नव्या इमारतीत जुनी शाळा दाखवावी लागेल ती चित्रांतून आणि प्रतिकृतींतून. सावित्रीबाई ज्या जिन्याने चढल्या तो जिना पुन्हा आणता येणार नाही. फुले वाड्याचा परिसर वाढवण्याच्या योजनेवरही गेली काही वर्षं चर्चा चालू आहे. गर्दी सामावून घ्यायला जागा लागते, हे खरं. मात्र या घराचा अर्थ त्याच्या लहानपणात आणि त्याला खेटून असलेल्या शेजारात आहे. इतक्या जवळून लोक बघत असताना, बोलत असताना, बहिष्कार घालत असताना हे दोघं तिथे राहिले. भोवती मोकळं मैदान आणि संगमरवरी चौथरे आले तर बघणाऱ्याला हे समजायचं कसं? शेजारच्या कष्टकरी कुटुंबांना विश्वासात घेतल्याशिवाय इथे एक वीटही हलू नये. आणि पाट्या लिहायच्याच असतील तर घर विकावं लागलेल्या त्या सुनेची हकीकतही एका पाटीवर यावी, कारण घराच्या इतिहासातला तो भाग सर्वांत कमी सांगितला जातो.

भोर-वेल्ह्यातल्या शाळांच्या सहली राजगडाला जातात, बनेश्वरला जातात, पुण्यात आल्या तर शनिवारवाडा आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघतात. त्याच दिवसात गंज पेठ सहज बसते. मार्गासनीहून सकाळच्या गाडीने निघालं तर जुन्या बोगद्याच्या घाटाने स्वारगेटला उतरावं, जेधे चौकात मुलांना थांबवून कारीच्या दप्तराची आणि 1925 च्या ठरावाची गोष्ट सांगावी, आणि मग पायीच निघावं. वाड्यात गेल्यावर आधी चित्रांसमोर न नेता अंगणात बसवून 1868 साली इथल्या पाण्याचं काय झालं ते सांगावं. पाणवठ्यांची भांडणं गावाकडच्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर समजतात. बाकीचे प्रश्न मुलं आपणहून विचारतात.